एका चित्रावर घेतलेलं 153 एकर रान लेकींनी कसं राखलं?

एक चित्र आणि वर रोख 10 डॉलर. एवढ्यावर 153 एकर जमिनीचं खरेदीखत झालं. साल होतं 1882 आणि गाव अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं ब्रँचव्हिल. जमीन घेणारा माणूस शेतकरी नव्हता, चित्रकार होता. नाव ज्युलियन अल्डन विअर. आज अमेरिकेत या माणसाचं शेत राष्ट्रीय स्मारक आहे. ते तसं का झालं, हे शेतीभातीच्या माणसाला कळायला हवं.

विअरचा जन्म 30 ऑगस्ट 1852 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट पॉइंटचा. तिथल्या लष्करी शाळेत वडील चित्रकला शिकवायचे. घरात सोळा भावंडं, हा चौदावा. खाणारी तोंडं पुष्कळ, पण हातात ब्रश लहानपणीच आला. ओळखीच्या एका बाईंनी खर्च उचलला आणि 1873 मध्ये तो पॅरिसला शिकायला गेला. शिक्षण जुन्या शिस्तीचं होतं. आधी रेघ पक्की, मग रंग.

त्या काळात पॅरिसमध्ये नवी मंडळी उघड्यावर बसून ऊन, सावली, पाणी जसं डोळ्यांना दिसतं तसं भराभर रंगवत होती. त्यांना इंप्रेशनिस्ट म्हणत. 1877 मध्ये विअरनं त्यांचं प्रदर्शन बघितलं आणि तो वैतागून बाहेर पडला. ही चित्रं त्याला धड वाटलीच नाहीत.

सौदा असा झाला

मायदेशी आल्यावर तो न्यूयॉर्कमध्ये माणसांची आणि फुलांची चित्रं काढायचा, शिकवायचा. अर्विन डेव्हिस नावाच्या श्रीमंत माणसासाठी युरोपातून चित्रं निवडून आणायचा. विअरनं स्वतःसाठी 560 डॉलरला घेतलेलं एक चित्र या डेव्हिसच्या मनात भरलं. त्यानं ते मागितलं आणि बदल्यात ब्रँचव्हिलचं आपलं शेत देऊ केलं.

रान कसं होतं? खडकाळ. त्या भागात नांगर घातला की दगडच वर येतात. तेच वेचून लोकांनी बांधावर दगडी भिंती रचल्या. पैशाच्या हिशेबानं बघणाऱ्यानं तोंड फिरवलं असतं. विअरला मात्र तिथला उतार, झाडं, जुनं घर, धान्याचं कोठार सगळंच आवडलं. पुढच्या वर्षी अ‍ॅना बेकरशी लग्न झालं आणि या शेतावर संसार सुरू झाला.

शेती नावापुरती नव्हती. गायी होत्या, बैल होते, गवत कापणी, फळबाग, भाजीपाला होता. कामाला गडी होते. विअर शेजारीच स्टुडिओ बांधून चित्रं काढायचा. पुढं आणखी जमीन जोडत 1907 पर्यंत त्यानं हे शेत 238 एकरांवर नेलं.

याच रानानं त्याचा हात बदलला. बंद खोलीतली गडद चित्रं मागे पडली. वाळत घातलेली धुणी, दगडी बांध, बांधावरची झाडं, उन्हातलं गवत त्याच्या चित्रात आलं. ज्या पद्धतीला पॅरिसमध्ये नाक मुरडलं होतं, तीच 1890 च्या सुमारास त्यानं उचलली. 1897 च्या एका चित्रात गाडी उभी आहे, बैल सोडलेत आणि दुपारचा विसावा चाललाय. आपल्याकडच्या कुणालाही ते लगेच ओळखू येईल.

दुःख आणि मित्र

एक मुलगा तान्हेपणीच गेला. 1892 मध्ये तिसरी मुलगी कोरा झाली आणि बाळंतपणातच अ‍ॅना गेली. तीन मुली आईविना राहिल्या. मुलींची मावशी एला हिनं त्यांना सांभाळलं आणि पुढच्या वर्षी विअरनं तिच्याशी लग्न केलं.

या शेतावर मित्रांचा राबता असायचा. जॉन ट्वॉक्टमन, चाइल्ड हॅसम असे त्या वेळचे मोठे चित्रकार यायचे, राहायचे, रानात बसून रंगवायचे. अल्बर्ट रायडर प्रकृती बरी नसताना इथे येऊन राहिला आणि विअरच्या बागेचं चित्र काढून गेला. एका चित्राला बोस्टनमध्ये 2,500 डॉलरचं बक्षीस मिळालं. त्या पैशातून विअरनं 1896 मध्ये शेतात तळं करून घेतलं. मासे धरा, नाव चालवा, नाहीतर काठावर बसून चित्र काढा.

8 डिसेंबर 1919 ला विअर वारला.

मागे फक्त मुली

मुलगा नाही म्हटल्यावर आपल्याकडे लोक काय म्हणाले असते, ते सांगायला नको. इथे मधली मुलगी डोरोथी पुढं आली. ती स्वतः चित्रकार. वडिलांमागं तिनं शेताचा कारभार बघितला आणि 1930 मध्ये एला गेल्यावर शेत तिच्याकडे आलं. नवरा माहोनरी यंग शिल्पकार होता. त्याच्यासाठी तिथे दुसरा मोठा स्टुडिओ उभा राहिला. डोरोथीनं वडिलांचं चरित्रही लिहिलं. 1947 मध्ये ती गेली, पुस्तक 1960 मध्ये छापून आलं.

1957 मध्ये यंगही गेला. तेव्हा स्पेरी आणि डोरिस अँड्र्यूज या चित्रकार जोडप्यानं शेत घेतलं. भोवती जमिनीचे तुकडे पडत होते, बंगले उठत होते. शेजारच्या हिश्शात राहणाऱ्या धाकट्या कोरानं 1969 मध्ये 37 एकर जमीन निसर्ग राखण्यासाठी दान केली. तिनं आणि अँड्र्यूज दांपत्यानं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. शेवटी 1990 मध्ये सरकारनं हे शेत राष्ट्रीय स्मारक केलं. 2020 मध्ये तिथल्या पाव डॉलरच्या नाण्यावर ते शेत आलं.

सगळं रान वाचलं नाही. स्मारकात 60 एकरांहून थोडं अधिक उरलंय. पण घर, कोठार, दोन्ही स्टुडिओ, तळं आणि दगडी बांध जागेवर आहेत. चित्रकार तिथे येऊन राहतात. साध्या पाहुण्यालाही कागद-रंग फुकट मिळतात. कुठेही बसा, काढा.

आपल्याकडे 2005 च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हिस्सा लेकाइतकाच आहे. तरी वाटणीच्या वेळी तिच्यापुढं पहिल्यांदा हक्कसोडपत्रच सरकवलं जातं. लेक जमीन विकून मोकळी होईल, ही भीती त्यामागं असते. विअरचं रान डोरोथी आणि कोरा या दोन लेकींनी धरून ठेवलं. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायचं की नाही, यावर ज्यांच्या घरात सध्या वाद चाललाय, त्यांनी ही गोष्ट एकदा घरात वाचून दाखवावी.