स्वाभिमानी प्राध्यापक : जगदीशचंद्र बोस

विद्यार्थ्यांनो, अशी कल्पना करा की एका कारखान्यात दोन कामगार सारखेच काम करतात. एकाला पूर्ण मजुरी मिळते आणि दुसऱ्याला तिचा फक्त तिसरा हिस्सा मिळतो. दुसरा कामगार कामात मुळीच कमी नाही. तो या देशात जन्मला, एवढाच त्याचा दोष! असे पाहून तुम्हांला राग येईल की नाही? इंग्रजांच्या राज्यात असाच अन्याय एका प्राध्यापकावर झाला. त्यांनी तो कसा दूर केला, ते आता वाचा. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमध्ये झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी अधिकारी होते. त्या काळी मोठे अधिकारी आपल्या मुलांना इंग्रजी शाळेत पाठवीत. भगवानचंद्रांनी मात्र जगदीशला फरीदपूरच्या बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली मातृभाषा शिकावी आणि आपली माणसे ओळखावीत, असे त्यांना वाटे. वर्गात जगदीशच्या एका बाजूला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि दुसऱ्या बाजूला एका कोळ्याचा मुलगा बसे. हे मित्र त्याला पशुपक्ष्यांच्या आणि पाण्यातील जीवांच्या गोष्टी सांगत. सृष्टीविषयीची ओढ त्याला तेथेच लागली. तुम्हीही तुमच्या मातृभाषेत शिकता. म्हणून ही गोष्ट तुम्ही विशेष लक्षात ठेवा.

पुढे जगदीशचंद्र कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये शिकले. तेथे फादर लाफों हे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. ते नुसते पुस्तक वाचून दाखवीत नसत, तर वर्गात प्रयोग करून दाखवीत. ही पद्धत जगदीशचंद्रांच्या मनात कायमची ठसली.

१८८० मध्ये ते इंग्लंडला गेले. प्रथम त्यांनी लंडनमध्ये वैद्यकीचा अभ्यास सुरू केला. पण त्यांना वारंवार ताप येई. प्रकृती साथ देईना, म्हणून त्यांना तो अभ्यास सोडावा लागला. मग ते केंब्रिजला गेले. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. केंब्रिज आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षा उत्तीर्ण होऊन ते मायदेशी परतले. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या नावाचे शिफारसपत्रही त्यांच्याजवळ होते.

१८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पण ही नेमणूक अधिकाऱ्यांनी खुशीने केली नव्हती. भारतीय माणूस तत्त्वज्ञान किंवा भाषा शिकवू शकेल, पण विज्ञान शिकवणे त्याला जमणार नाही, असा त्यांचा समज होता. भारतीय प्राध्यापकाला इंग्रज प्राध्यापकाच्या दोन तृतीयांश पगार मिळे. जगदीशचंद्रांची नेमणूक तात्पुरती होती, म्हणून त्यांना त्याच्याही निम्मा देण्याचे ठरले. म्हणजे किती, याचा हिशेब तुम्हीच करा. इंग्रज प्राध्यापकाला तीन रुपये मिळाले, तर जगदीशचंद्रांना एकच रुपया!

आता जगदीशचंद्रांनी काय करावे? त्यांच्यापुढे दोन सोपे मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे मिळेल तेवढा पगार मुकाट्याने घेणे. पण तसे केले असते, तर आपण कमी योग्यतेचे आहोत, हे त्यांनी स्वतःच कबूल केल्यासारखे झाले असते. दुसरा मार्ग म्हणजे रागाने नोकरी सोडणे. पण तसे केले असते, तर भारतीयांना विज्ञान शिकवता येत नाही, असे म्हणायला अधिकारी मोकळे झाले असते.

जगदीशचंद्रांनी तिसराच मार्ग निवडला. तो सर्वांत कठीण होता. त्यांनी पगार घेण्याचे नाकारले, पण शिकवणे मात्र थांबवले नाही. ते वर्गात जात आणि मन लावून शिकवीत. विषय स्पष्ट व्हावा म्हणून ते मुलांसमोर प्रयोग करून दाखवीत. महिना संपला की पगार येई आणि ते तो परत करीत. असे एक-दोन महिने नव्हे, तर तब्बल तीन वर्षे चालले!

हे दिवस फार ओढाताणीचे होते. वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काही उद्योग काढले होते. त्यांत तोटा होऊन त्यांच्यावर मोठे कर्ज झाले होते. १८८७ मध्ये जगदीशचंद्रांचे अबला यांच्याशी लग्न झाले. कलकत्त्यात घरभाडे परवडेना, म्हणून पतिपत्नी काही काळ चंद्रनगरला राहिली. कॉलेजात जाण्यासाठी आधी नावेने हुगळी नदी ओलांडावी लागे आणि मग आगगाडी गाठावी लागे. नाव वल्हवण्यात अबलाही पतीला साथ देत. घरात पैशाची अशी चणचण असतानाही त्यांनी पतीला माघार घेऊ दिली नाही. याच अबला पुढे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटल्या.

अखेर जगदीशचंद्रांच्या शिकवण्याचे मोल अधिकाऱ्यांना पटले. शिक्षणखात्याचे प्रमुख आणि कॉलेजचे प्राचार्य या दोघांचेही मत बदलले. त्यांची नेमणूक कायम झाली आणि तीही पहिल्या दिवसापासून! तीन वर्षांचा पूर्ण पगार त्यांना एकरकमी मिळाला. त्या पैशांचे त्यांनी काय केले असेल? त्यांनी तो पैसा वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी वापरला.

अर्थात, भेदभावाची ती रीत एका दिवसात नाहीशी झाली नाही. १८८९ मध्ये थोर रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय त्याच कॉलेजात आले. त्यांनाही कमी दर्जाच्या प्रांतिक सेवेतच घेण्यात आले. पण भारतीय माणूस विज्ञान शिकवू शकत नाही, हा समज खोटा ठरला होता.

जगदीशचंद्र एवढ्यावर थांबले नाहीत. कॉलेजात संशोधनासाठी चांगली प्रयोगशाळा नव्हती. त्यांनी एका लहानशा खोलीत काम सुरू केले. पदरचे पैसे घालून आणि एका साध्या पत्रे-कारागिराची मदत घेऊन त्यांनी उपकरणे बनवली. त्या उपकरणांनी त्यांनी अतिशय लहान विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी एक प्रयोग दाखवला. तारेचा उपयोग न करता, भिंतीपलीकडे लहरी पाठवून त्यांनी घंटा वाजवली आणि दारूचा स्फोट घडवला! १८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. ही पदवी दिली. १८९७ मध्ये लंडनच्या प्रसिद्ध रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले. पुढे त्यांनी वनस्पतींचा अभ्यास केला आणि त्यांची अतिशय सूक्ष्म वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र तयार केले. १९२० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

एवढी कीर्ती मिळाली, तरी त्यांनी शिकवणे सोडले नाही. १९१५ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या अध्यापनाला तीस वर्षे झाली होती. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ त्यांचेच विद्यार्थी. आपल्याला जी अडचण सोसावी लागली, ती पुढच्या तरुणांना सोसावी लागू नये, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात एक संशोधन संस्था उघडली. ती आज बोस इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थ्यांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी कारागीर होईल, तर कोणी डॉक्टर होईल. कधी तुमच्या कामाची किंमत कमी केली जाईल. तेव्हा जगदीशचंद्रांची आठवण करा. अन्यायापुढे मान झुकवू नका आणि आपल्या कामातही कसूर करू नका. मान मागून मिळत नाही. पण ज्याचे काम चोख असते आणि ज्याचा कणा ताठ असतो, त्याला तो फार काळ नाकारताही येत नाही.