मुंग्यांना काचेचे घर देणारे जॉन लबक



दिवाळीच्या सुट्टीत माझ्या हातून एक चूक झाली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मी कोरडी माती भरली, परसातल्या वीस-पंचवीस काळ्या मुंग्या आत सोडल्या, झाकण गच्च लावले आणि बरणी खिडकीत उन्हात ठेवली. मला त्यांची बिळे बघायची होती. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, सगळ्या मुंग्या मरून पडलेल्या! आजी माझ्याशी दिवसभर बोलली नाही. मलाही जेवण गेले नाही. शाळा उघडल्यावर मी गुरुजींना खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला जॉन लबक यांची माहिती दिली. तीच इथे लिहितो.

जॉन लबक यांचा जन्म ३० एप्रिल १८३४ रोजी लंडन येथे झाला. त्यांचे वडील बँकेचे मालक होते. ते केंट परगण्यात डाउन गावाजवळ राहत. जॉन आठ वर्षांचे असताना, १८४२ मध्ये, थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन त्याच गावी राहायला आले. काय नशीब बघा! डार्विन यांच्या सहवासात जॉनना किड्यांचा नाद लागला. चौदा-पंधराव्या वर्षीच शाळा सुटली आणि ते वडिलांच्या बँकेत कामाला लागले. पण अभ्यास काही सुटला नाही.

पुढे १८७० मध्ये ते पार्लमेंटमध्ये निवडून गेले. बँकेतल्या नोकरांना हक्काची सुट्टी मिळावी म्हणून त्यांनी १८७१ साली कायदा करवून घेतला. एवढ्या व्यापातही घरी मुंग्या पाळल्या, बरं का!

त्यांची युक्ती अगदी साधी होती. खिडकीच्या काचेचे दोन चौकोनी तुकडे घ्यायचे. मधे थोडीशीच फट ठेवून तिच्यात बारीक ओलसर माती भरायची. येण्याजाण्यासाठी एक छोटे दार ठेवायचे. वरून झाकण घालून अंधार करायचा, कारण मुंग्यांना बिळात उजेड नको असतो. बघायचे तेवढ्यापुरते झाकण काढायचे. भोवती पाण्याचा चर ठेवला की मुंग्या पळत नाहीत.

मुंगी ओळखू यावी म्हणून ते तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका देत. एका मुंगीवर त्यांनी सकाळी सहापासून रात्रीपर्यंत लक्ष ठेवले. तिने एकटीने १८७ अळ्या उचलून घरात नेल्या! त्यांनी मुंग्यांजवळ व्हायोलिन वाजवले, आरडाओरडा केला, पण मुंग्या ढिम्म. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण मुंग्यांना जाणवतात, हेही त्यांनी दाखवून दिले. १८७४ साली घरात आणलेली एक राणी मुंगी तर १८८८ पर्यंत जगली. म्हणजे जवळजवळ चौदा वर्षे! १८८२ मध्ये त्यांनी मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्यांवर पुस्तक लिहिले. २८ मे १९१३ रोजी ते वारले.

हे ऐकले आणि माझी चूक मला कळली. त्यांची राणी चौदा वर्षे जगली आणि माझ्या मुंग्या एक दिवससुद्धा नाही. मी ऊन दिले, त्यांनी अंधार दिला. मी कोरडी माती दिली, त्यांनी ओल दिली. मी कोंडले, त्यांनी दार ठेवले.

मग मी पुन्हा बरणी घेतली. आत एक लहान बाटली उलटी ठेवली, म्हणजे माती कडेलाच राहते आणि बिळे काचेतून दिसतात. माती ओलसर केली. बरणीचे तोंड उघडेच ठेवले आणि बरणी पाण्याच्या परातीत ठेवली. गुळाचा खडा टाकला आणि काळे फडके गुंडाळले. तिसऱ्या दिवशी फडके काढले तर काचेला लागून बोटभर लांब बोगदा! आजीला हाक मारली. ती चष्मा लावून किती तरी वेळ बघत बसली.

माझ्या मुंग्यांत राणी नव्हती. राणीवाचून त्यांचे घर वाढत नाही. म्हणून आठव्या दिवशी मी त्यांना जिथून आणले तिथेच, लिंबाच्या मुळाशी सोडून दिले.

मुलांनो, मुंग्या जरूर पाळा, पण आधी त्यांना काय हवे ते बघा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी