एडिसनची बॅटरी आणि आमचा टेम्पो

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की कुणालाही विजेचा दिवा आठवतो. शाळेत मीही तेवढेच शिकलो होतो. त्याच्या आयुष्यातले बॅटरीचे प्रकरण मला कळले ते गेल्या वर्षी, आणि तेही आमच्या टेम्पोमुळे.

झाले असे. बाबांचा डिझेल टेम्पो आहे. पहाटे ते खेड्यांतली भाजी बेळगावच्या बाजारात पोहोचवतात. जुनी बॅटरी संपली तेव्हा नवी निवडण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. कॉमर्सचा विद्यार्थी ना! किमतीला वॉरंटीच्या महिन्यांनी भागले आणि इन्व्हर्टरला लावतात ती ट्युब्युलर बॅटरी दरमहा सर्वात स्वस्त पडते, असे बाबांना कागदावर सिद्ध करून दाखवले. ही गाडीची नव्हे, असे दुकानदार सांगत होता. मला वाटले, त्याला महागाची खपवायची आहे. काही दिवस टेम्पो कसाबसा सुरू होत राहिला. मग जानेवारीतल्या एका गार पहाटे स्टार्टर नुसताच कण्हला आणि गप्प झाला. त्या दिवसाचा बाजार चुकला, भाजी दुपारी पडत्या भावाने द्यावी लागली. बाबा मला काही बोलले नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले.

गॅरेजवाल्या अण्णांनी मला सारे कन्नडमधून समजावले. घरातले दिवे-पंखे तासन्‌तास थोडाथोडा प्रवाह घेतात, इंजिन मात्र दोन-चार सेकंदांत शेकडो अँपिअर मागते. तसा झटका द्यायला बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या लागतात. ट्युब्युलर टिकाऊ खरी, पण तिची घडण सावकाश देण्याची. हे सगळे पुस्तकात पडताळावे म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयात गेलो आणि तिथे मला एडिसन भेटला.

त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान या गावी झाला. शाळा जेमतेम काही महिने, पुढचे शिक्षण आईने घरीच दिले. लहानपणीच तो आगगाडीत वर्तमानपत्रे विकू लागला, पुढे तारयंत्रावर काम करू लागला. कानांनी कमी ऐकू येई. १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा आणि १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरोघर वीज, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर चुंबकाने लोहखनिज वेगळे काढण्याच्या उद्योगात त्याने फार मोठी रक्कम घालवली, हे मात्र पाठ्यपुस्तकात नव्हते.

ते नुकसान ताजे असतानाच, पन्नाशी ओलांडलेल्या एडिसनने बॅटरीचे काम हाती घेतले. काळही तसाच होता. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६! पेट्रोलची गाडी समोर उभे राहून हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. विजेची गाडी निमूटपणे निघे, पण तिच्यातली शिशाची बॅटरी फार जड. फ्रान्सच्या गास्तों प्लांतेने १८५९ मध्ये काढलेल्या या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते, आणि एडिसनला ही दोन्ही नकोशी होती. त्याने निकेल, लोखंड आणि दाहक पोटॅशचे द्रावण घेतले. स्वीडनमध्ये युंगनर नावाचा संशोधक याच वाटेवर होता, हेही सांगितले पाहिजे.

१९०३ च्या सुमारास एडिसनची बॅटरी विक्रीला आली. लवकरच तिचे डबे गळू लागले, साठवणही घटू लागली. विक्री तर चालू होती. एडिसनने कारखाना थांबवला आणि सदोष बॅटऱ्या परत घेतल्या. आम्ही वर्गात गुडविल किती रुपयांना धरायची याची गणिते सोडवतो, पण ती अशी रोख मोजून देणारा माणूस मला तिथे पहिल्यांदा दिसला. पुढली काही वर्षे प्रयोगांत गेली. धातूच्या नळ्यांत निकेलच्या संयुगाचे थर आणि निकेलचे अतिपातळ पापुद्रे एकाआड एक ठासून भरायचे, ही युक्ती अखेर साधली. (योगायोग पाहा, ट्युब्युलरमध्येही नळ्याच असतात!) १९०९ मध्ये सुधारलेली बॅटरी आली. ती दणकट होती, वर्षानुवर्षे टिकणारी होती.

पण तोवर बाजार पालटला होता. हेन्री फोर्डची स्वस्त मॉडेल टी १९०८ मध्येच निघाली होती. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये केटरिंगने विजेचा स्टार्टर बसवला आणि हँडल मारण्याचा त्रास संपला. आता प्रत्येक पेट्रोल गाडीला बॅटरी लागणार होती. एडिसनची लागली असती तर त्याचे पांग फिटले असते. फोर्ड तर पूर्वी डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत इंजिनियर होता आणि एडिसनला फार मानत असे. आपल्या गाडीला एडिसनचीच बॅटरी असावी, अशी त्याची इच्छा होती. ते जमले नाही. शिशाचा एक कप्पा २ व्होल्ट देतो, निकेल-लोखंडाचा १.२. म्हणजे १२ व्होल्टना सहाऐवजी दहा कप्पे. त्यात अंतर्गत विरोध जास्त, थंडीत तर तो फारच नडे, त्यामुळे झटका कमी. १९१९ मध्ये मॉडेल टीला विजेचा स्टार्टर मिळाला, तो शिशाच्या बॅटरीवर चालणारा.

एडिसनची बॅटरी वाया गेली असे मात्र नव्हे. रेल्वेच्या डब्यांतील दिवे, सिग्नल, खाणकामगारांच्या टोपीवरचे दिवे, माल पोहोचवणारी विजेची वाहने, अशा सावकाश कामांत ती वर्षानुवर्षे चालली आणि तिने त्याला पैसाही दिला. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी तो वारला. त्याची बॅटरी कंपनी १९७२ मध्ये एक्साइडने विकत घेतली, म्हणजे शिशाच्या बॅटरीवर मोठ्या झालेल्या कंपनीने! तीनच वर्षांनी ते उत्पादन बंद झाले.

आमच्या दुकानदाराने माझी बॅटरी परत घेतली नाही. का घ्यावी? दोष तिच्यात नव्हताच. नवी घेताना अण्णा बरोबर आले. त्यांनी आधी टेम्पोच्या माहितीपुस्तकातला आकार आणि टर्मिनलची बाजू जुळवली, मग बॅटरी कोणत्या महिन्यात बनली ते पाहिले, आणि वॉरंटी सर्वात शेवटी. बसवताना जुनीची ऋण तार प्रथम सोडवली, नवीची शेवटी जोडली. मी पाना घेऊन नुसता शेजारी उभा होतो. ट्युब्युलर आता घरी इन्व्हर्टरला जोडली आहे आणि रात्री वीज गेली की मी तिच्यावरच अकाउंट्सची गणिते सोडवतो. बाबांचा टेम्पो पहाटे चार वाजता निघतो.