इंग्लिश खाडी जिंकणारी ट्रुडी

ऑफिसातून आल्यावर मुलांना पोहण्याच्या क्लासला सोडणं, हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या आपल्या अनेक घरांचा संध्याकाळचा कार्यक्रम! मुलगी असो वा मुलगा, पोहायला यायलाच हवं, याबद्दल आज कुणाचं दुमत नसतं. पण शंभर वर्षांपूर्वी बाईच्या जातीला समुद्रातलं लांबचं पोहणं झेपणार नाही, असं भल्याभल्यांचं मत होतं. ते खोटं ठरवलं न्यूयॉर्कच्या एका खाटकाच्या मुलीनं. तिचं नाव गर्ट्रूड एडर्ली. घरचे तिला ट्रुडी म्हणत.

ट्रुडीचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ चा. आईवडील जर्मनीहून अमेरिकेत आलेले, म्हणजे आपल्यासारखेच परदेशी संसार थाटलेले. लहानपणी गोवर झाला आणि तिला कमी ऐकू येऊ लागलं. पोहलीस तर कान आणखी बिघडतील, अशी तंबी डॉक्टरांनी दिली होती. पण पाणी काही सुटलं नाही. न्यूयॉर्कच्या 'विमेन्स स्विमिंग असोसिएशन'मध्ये ती क्रॉल पोहायला शिकली आणि एकामागून एक विक्रम मोडत गेली. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रिलेत सुवर्ण आणि वैयक्तिक शर्यतींत दोन कांस्यपदकं मिळवली.

मग डोळ्यांसमोर आली इंग्लिश खाडी. सरळ रेषेत साधारण ३४ किलोमीटर, पण गार पाणी, जेलीफिश आणि भरती-ओहोटीचे उलटसुलट प्रवाह. १८७५ मध्ये कॅप्टन वेबनं ती पहिल्यांदा पार केली. त्यानंतर पन्नास वर्षांत फक्त चार पुरुषांना ते जमलं होतं.

ऑगस्ट १९२५ मध्ये ट्रुडी पाण्यात उतरली. प्रशिक्षक होते जेबेझ वुल्फ. ते स्वतः वीसहून जास्त वेळा प्रयत्न करूनही खाडी पार करू शकले नव्हते. जवळपास नऊ तास झाल्यावर, ती बुडतेय असं वाटून त्यांनी तिला बाहेर काढायला सांगितलं. नियम असा, की पोहणाऱ्याला कुणाचा हात लागला की संपलं! आपण नुसत्या विसावलो होतो, असं ट्रुडीचं म्हणणं. हा सल तिच्या मनात राहिला.

पुढच्या वर्षी ती नव्या तयारीनं आली. प्रशिक्षक नवे: बिल बर्जेस, खाडी पार करणारे दुसरे गृहस्थ. सोबत बोटीवर वडील आणि बहीण मार्गारेट. वडिलांनी जिंकल्यास मोटार कबूल केलेली. बहिणीच्या मदतीनं बेतलेला सुटसुटीत पोशाख, मेणानं बंद केलेला चष्मा आणि अंगभर चरबीचे थर.

६ ऑगस्ट १९२६ च्या सकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ती निघाली. दुपारनंतर वारा सुटला, समुद्र खवळला. आता बाहेर ये, असा आग्रह बोटीवरून सुरू झाला. तिनं साफ नकार दिला. या वेळी तिला कुणी हात लावला नाही. रात्री ती इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली, तेव्हा साडेचौदा तास होऊन गेले होते. पुरुषांच्या विक्रमापेक्षा सुमारे दोन तास कमी! न्यूयॉर्कनं तिची प्रचंड मिरवणूक काढली.

पुढचं आयुष्य मात्र सोपं नव्हतं. १९३३ मध्ये जिन्यावरून पडून पाठीचा कणा दुखावला आणि कित्येक वर्षं प्लास्टरमध्ये गेली. तरी १९३९ साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातल्या जलक्रीडेच्या कार्यक्रमात ती पुन्हा पाण्यात उतरली. ऐकणं तर जवळजवळ गेलंच. मग तिनं कर्णबधिर मुलांना पोहायला शिकवलं. त्या मुलांची अडचण तिच्याइतकी कुणाला कळणार?

१९५९ मध्ये आपल्या भारताच्या आरती साहानं हीच खाडी पार केली, तेव्हा आशियातल्या स्त्रियांसाठीही ती वाट खुली झाली. ३० नोव्हेंबर २००३ रोजी ट्रुडी गेली, ९८ व्या वर्षी. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. मुलांबरोबर जरूर बघा. आणि पोरगी पाण्यात दमलेली दिसली, तर ओढून काढायच्या आधी क्षणभर तिच्याकडे नीट बघा. कदाचित ती नुसती विसावली असेल!