क्लिफर्ड हॉलंड

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आमच्या दारव्ह्यातील मुलांस नदी ओलांडावयाची म्हणजे पूल किंवा नाव एवढेच ठाऊक असते. परंतु पाण्याखालूनही मोटारींचा रस्ता नेता येतो. मुंबईच्या किनारी मार्गाचे २०२४ साली खुले झालेले जुळे बोगदे गिरगाव चौपाटी व मलबार टेकडी यांच्या खालून सुमारे दोन किलोमीटर जातात. या विद्येच्या एका थोर पूर्वसूरीचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

क्लिफर्ड हॉलंड यांचा जन्म १८८३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात झाला. १९०६ साली हार्वर्ड विद्यापीठातील शिक्षण पुरे करून ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या कामी लागले. न्यूयॉर्क व जर्सी सिटी ही शेजारची शहरे. परंतु मध्ये हडसन नदी आडवी, आणि वाहने ने-आण करणाऱ्या नावा बर्फाने व धुक्याने अडत. तेव्हा नदीखालून रस्ता काढण्याचे ठरले, व १९१९ साली अवघ्या ३६ वर्षांच्या हॉलंड यांस प्रमुख अभियंता नेमण्यात आले.

पाण्यापेक्षाही बिकट प्रश्न होता हवेचा. मोटारींच्या धुरातील विषारी वायू बंद बोगद्यात साचला तर माणसे गुदमरून मरावयाची! म्हणून हॉलंड व त्यांचे सहकारी ओले सिंगस्टाड यांनी अशी योजना केली की, रस्त्याखालच्या पोकळीतून ताजी हवा आत यावी व छतावरच्या पोकळीतून दूषित हवा बाहेर जावी. ८४ प्रचंड पंखे दर दीड मिनिटास बोगद्यातील सारी हवा पालटीत.

नदीच्या दोन्ही तीरांकडून खोदकाम चालले होते. अहोरात्र श्रमांनी हॉलंड यांची प्रकृती ढासळली, आणि २७ ऑक्टोबर १९२४ रोजी, वयाच्या ४१ व्या वर्षी, ते निवर्तले. दोनच दिवसांनी दोन्ही बाजूंचे खोदकाम नदीखाली एकमेकांस मिळाले! योजलेला समारंभ शोकामुळे रद्द झाला. त्यांच्या जागी आलेले फ्रीमन हेही काही महिन्यांतच वारले. अखेर सिंगस्टाड यांनी काम तडीस नेले. १९२७ च्या नोव्हेंबरात बोगदा वाहतुकीस खुला झाला. त्यास हॉलंड यांचेच नाव देण्यात आले.

मोशेने वचनदत्त देश नबो पर्वतावरून पाहिला, पण त्यात त्याचे पाऊल पडले नाही. हॉलंड यांस तर तेवढे दर्शनही लाभले नाही. तरीही आजतागायत त्या मार्गाने असंख्य माणसे सुखरूप ये-जा करीत आहेत. आरंभिलेले कार्य आपल्या हयातीत पुरे न झाले तरी ते चोख करावे, हाच बोध आमच्या विद्यार्थ्यांनी या चरित्रापासून घ्यावा.