नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी १७४२, सातारा – १३ मार्च १८००, पुणे) हे उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी व कारभारी होते. बातम्या मिळवून त्यांची पारख करण्याच्या कौशल्यासाठी ते ख्यातनाम होते. अध्यात्मचिंतन व वास्तुनिर्मिती या त्यांच्या जीवनाच्या अन्य बाजू होत.

पूर्वायुष्य

भानू घराणे मूळचे कोकणातील. वडिलांच्या निधनानंतर १७५६ मध्ये नानांकडे फडणिशी आली. १७६१ मध्ये पानिपतावरून ते बचावले; आई मात्र त्या धामधुमीत अंतरली. या काळापर्यंतची हकिकत सांगणारे त्यांचे आत्मचरित्र मराठी गद्यातील आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक आहे. त्यात वेदान्तपर विचारांबरोबरच स्वतःच्या दोषांची व विकारांची कबुलीही आढळते.

बातम्यांचे जाळे

नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर (१७७३) बारभाईंच्या कारभारात नाना अग्रणी ठरले. निरनिराळ्या दरबारांतील वकिलांची पत्रे व अखबार त्यांच्याकडे येत आणि त्यांच्या आधारे धोरण ठरे. १७७८ च्या अखेरीस रघुनाथरावांसह इंग्रज फौज पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढू लागली. मराठ्यांनी वाटेतील दाणावैरण नष्ट करून तिला आत येऊ दिले व जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे वेढून तह करण्यास भाग पाडले. १७८१ मध्ये जनरल गॉडर्डने घाट घेऊन खोपोलीस तळ दिला. परंतु त्यालाही पनवेलकडे माघार घ्यावी लागली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध संपले.

वास्तुनिर्मिती

बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर तालुक्यातील खोपोली येथे नानांनी विरेश्वर महादेवाचे मंदिर व विस्तीर्ण तलाव बांधविला. पुण्यातील बेलबाग मंदिर, तसेच वाईजवळील मेणवली येथे कृष्णाकाठचा वाडा, घाट व देवालये हीदेखील त्यांचीच निर्मिती. मेणवलीच्या वाड्यात भित्तिचित्रे आहेत. तेथील दप्तर मराठ्यांच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानले जाते.

अखेर

१७९५ मध्ये खर्ड्याच्या विजयानंतर काही महिन्यांतच सवाई माधवरावांचा मृत्यू झाला व वारसाचा तंटा उद्भवला. दूरदूरच्या दरबारांची खबर ठेवणारे नाना ३१ डिसेंबर १७९७ रोजी पुण्यातच दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेले असता पकडले गेले. अहमदनगरच्या किल्ल्यातील कैदेतून १७९८ मध्ये त्यांची सुटका झाली व ते पुन्हा कारभारात आले. त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांत पुण्यावर इंग्रजांचा प्रभाव प्रस्थापित झाला.