हेन्री फोर्ड आणि त्याची शर्यतीची गाडी

आपल्या गोंदियाच्या धानाच्या गिरणीवर बिघडलेलें ऑइल इंजिन उघडलेलें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस पुढील हकीकत समजावयास अडचण पडणार नाहीं. दट्ट्या, त्याच्या कड्या, बेअरिंगें हें सारें सामान गोणपाटावर मांडलेलें असतें. आणि पुनः जोडल्यावर इंजिन चालेलच, अशी छातीठोक ग्वाही मिस्त्रीहि देत नाहीं. मोटारगाडीमुळें ज्याचें नांव जगभर झालें, त्या हेन्री फोर्डच्या उमेदीचीं वर्षें अशाच कामांत गेलीं.

फोर्डचा जन्म अमेरिकेंतील मिशिगन प्रांतांत, डिअरबॉर्न गांवाजवळ, 30 जुलै 1863 रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. शेतीची त्याला गोडी नव्हती. घड्याळें उघडावीं व पुनः जोडावीं, हाच त्याचा छंद. तो बारा वर्षांचा असतां आई वारली. सोळाव्या वर्षीं तो डिट्रॉईट शहरीं कारखान्यांत उमेदवारीस राहिला, आणि 1891 मध्यें तेथील एडिसन वीज कंपनींत त्याला इंजिनिअरची नोकरी मिळाली. नोकरींतून उरलेला वेळ तो स्वतःच्या इंजिनापायीं घालवी. 1893 च्या नाताळच्या आदल्या रात्रीं त्यानें गॅसच्या नळाच्या तुकड्यापासून केलेलें एक लहानसें इंजिन स्वयंपाकघरांत आणून भांडीं धुण्याच्या जागीं आवळून बसविलें. पत्नी क्लारा सणाच्या स्वयंपाकांत गुंतलेली, मुलगा एडसेल जेमतेम सात आठवड्यांचा. तिनें हातचें काम टाकून थेंब थेंब पेट्रोल ओतलें, ह्यानें चक्र फिरविलें, ठिणगीसाठीं वीज घरच्या दिव्याची घेतली. आणि इंजिन धडधडूं लागलें. त्या माउलीच्या धीराचें व्हावें तितकें कौतुक होत नाहीं, असें मला वाटतें.

1896 च्या जूनमध्यें पहिली गाडी तयार झाली, तेव्हां परसांतील कोळशाच्या खोलीच्या दारांतून ती निघेना. कुऱ्हाडीनें विटा फोडून ती बाहेर काढावी लागली. पुढें नोकरी सोडून त्यानें 1899 मध्यें भागीदारांसह कंपनी काढली. परंतु गाड्या थोड्या झाल्या, त्याहि सदोष, आणि 1901 च्या आरंभीं कंपनी मोडली. सदतीस वर्षांच्या, बायकामुलाच्या माणसावर आतां पैसा कोण लावणार?

शर्यतीचा नाद वाईट, असें मी वर्गांत सांगत आलों आहें. तथापि फोर्डला तोच एक मार्ग दिसला. त्यानें दोन सिलिंडरांची, सुमारें 26 अश्वशक्तीची गाडी बांधली. प्रत्येक सिलिंडरचा व्यास सात इंच व दट्ट्याची धांवहि सात इंच. अशा इंजिनांत वेळेवर ठिणगी न पडली तर सारेंच व्यर्थ. विजेचें वेटोळें सुरक्षित राहावें म्हणून त्याचें चिनी मातीचें आवरण चक्क एका दंतवैद्याकडून करून घेतलें! 10 ऑक्टोबर 1901 रोजीं ग्रोस पॉइंट येथें दहा मैलांची शर्यत झाली. प्रतिस्पर्धी अलेक्झांडर विंटन हा नामांकित गाडीवाला. फोर्ड मात्र शर्यतींत प्रथमच उतरलेला. वळणावर गाडी उलटूं नये म्हणून त्याचा सहकारी हफ बाजूस लोंबकळून तोल सांभाळी. आधीं विंटन पुढें होता. परंतु त्याच्या इंजिनाचीं बेअरिंगें तापून धूर निघूं लागला, आणि फोर्ड जिंकला.

मग नवी कंपनी निघाली, पण भागीदारांशीं न पटून 1902 मध्यें तीहि सुटली. त्यानें दोन अजस्र गाड्या बांधल्या. एकीस ‘999’ व दुसरीस ‘अ‍ॅरो’ अशीं नांवें दिलीं. चार सिलिंडर, वर आच्छादन नाहीं. तेल उडून चालकाच्या अंगावर येई. आरंभीं त्या नीट चालेनात, आणि स्वतः फोर्डहि त्यांना भ्याला. अखेर ‘999’ घेऊन बार्नी ओल्डफील्ड नांवाच्या सायकलपटूनें त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शर्यत जिंकली. 16 जून 1903 रोजीं फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली.

त्या सप्टेंबरांत मिलवॉकी येथें ‘अ‍ॅरो’ उलटून तिचा तरुण चालक प्राणास मुकला. ती मोडकी गाडी फोर्डनें पुनः उभी केली, आणि ह्या खेपेस दुसऱ्या कोणास न बसवितां चाक स्वतःच्या हातीं घेतलें. त्याला जाहिरात हवी होती, हें खरें. तरी जीव स्वतःचा पणाला लाविला, हेंहि खरें. 12 जानेवारी 1904 रोजीं सेंट क्लेअर सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर राख पसरून मार्ग केला होता. बर्फांतील भेगांवर गाडी उसळे. पेट्रोलची कळ हफ सांभाळीत होता. एक मैल 39.4 सेकंदांत, म्हणजे ताशीं 91 मैलांहून अधिक, सुमारें 147 किलोमीटर! आपल्या गोंदियाहून जबलपूरकडे छोट्या रुळांचा मार्ग तेव्हां नुकताच खुला होत होता. हा जागतिक विक्रम मात्र त्याच महिन्यांत दुसऱ्यानें मोडला.

पुढील हकीकत सर्वश्रुत आहे: 1908 ची स्वस्त ‘टी’ गाडी, 1914 मधील पांच डॉलर रोजमजुरी, अपार संपत्ति. ज्यू लोकांविरुद्ध त्यानें आपल्या वर्तमानपत्रांतून जो विषारी मजकूर वर्षानुवर्षें छापविला, तोहि लपवितां येत नाहीं. 1927 मध्यें त्यास जाहीर क्षमा मागावी लागली.

7 एप्रिल 1947 रोजीं तो वारला. पुरानें वीज बंद पडली होती. वीज कंपनीच्या त्या जुन्या इंजिनिअरनें मेणबत्त्यांच्या व कंदिलांच्या उजेडांत प्राण सोडला. त्याची 1901 ची गाडी व ‘999’ ह्या दोन्ही डिअरबॉर्नच्या संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत.